आघात सोसण्याची विद्या



वार्षिकाच्या संपादकांनी यंदा मजकडे लेख मागितला, तेव्हा 'विज्ञानावरील एखादा सुबोध विषय घ्यावा' एवढीच त्यांची अट होती. विषय शोधण्यास मला फार दूर जावे लागले नाही. जी गोष्ट मी वर्गात कित्येक वर्षे चुकीची शिकवली आणि जिच्या चुकीची किंमत माझ्या घरातील एका माणसाने भरली, तीच येथे सांगावी असे मनाने घेतले. शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांसमोर मांडावी की नाही, याविषयी मतभेद असू शकेल. मला स्वतःला ती मांडलेली बरी वाटते.

माझे मूळ गाव कामरगाव. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात ते आहे. काळी जमीन, सोयाबीन, कपाशी आणि तूर ही पिके, बांधावर बाभळी आणि कडुनिंब. वऱ्हाडात कोठेही दिसावे असेच हे गाव. आमचे थोडे शेत अजून तेथे आहे आणि ते माझा धाकटा भाऊ सांभाळतो. सन २०१६ च्या दिवाळीनंतर त्याने एक जुनी चारचाकी गाडी विकत घेतली. गाडी घरासमोर उभी राहिली, आईने तिच्या चाकांवर पाणी ओतले, आणि भावाने मला विचारले, "दादा, समोर लोखंडी गार्ड लावू का? सगळेच लावतात."

मी पदवीधर, विज्ञानाचा शिक्षक. घरात माझ्या शब्दाला मान. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "अवश्य लाव. पुढे लोखंड असले म्हणजे आत बसलेल्याला धक्का लागणार नाही." माझ्या मनात तेव्हा किल्ल्याची तटबंदी होती. तट जितका कठीण तितका आतला माणूस सुरक्षित, असा माझा सरळ हिशेब होता आणि वर्गातही मी बळकट व कठीण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरीत असे.

पुढच्या जानेवारीत एका सायंकाळी भाऊ कारंज्याहून गावाकडे परतत होता. तुरीच्या शेतातून एक रोही अचानक रस्त्यावर आले. त्याला चुकविण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि ती रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या खोडावर जाऊन आदळली. पट्टा बांधलेला होता म्हणून जीव वाचला. परंतु बरगड्या मोडल्या, उजव्या मांडीचा सांधा निखळला, आणि तीन महिने अंथरुणावर काढल्यानंतर जो तो उठला तो थोडा लंगडतच. आजही तो तसाच चालतो.

काही दिवसांनी मी गाडी पाहण्यास गेलो. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने मोठ्या कौतुकाने गार्डावर हात थोपटला आणि तो म्हणाला, "मास्तर, पाहा तरी, गार्डाले काहीच झालं नाही!" खरोखरच त्याला फारसे काही झाले नव्हते. एका बाजूस थोडा पोचा आणि खरवडलेला रंग, एवढेच. मी त्या लोखंडाकडे पाहत उभा राहिलो. गार्ड शाबूत होता आणि माझा भाऊ मोडला होता. मग तो आघात गेला कोठे?

हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि आपलीच पाठ्यपुस्तके पुन्हा उघडली. उत्तर नववीच्या पुस्तकातच होते. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, पण कधी वाचले नव्हते असे म्हणावे लागेल.

एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, वेगाने धावत असेल तर तिच्या अंगी दोन लक्ष ज्यूल गतिज ऊर्जा असते. तीच गाडी सुमारे वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली टाकली तर जमिनीवर पोहोचताना तिचा वेग एवढाच असेल. गाडी झाडावर थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ती कोठे ना कोठे खर्च व्हावीच लागते. ती धातू वाकविण्यात खर्च झाली तर माणूस वाचतो. धातू वाकला नाही तर ती पुढे सरकते आणि हाडे मोडण्यात खर्च होते.

आता थांबण्यास मिळणाऱ्या अंतराचा हिशेब करू. समजा, गाडीचा पुढील भाग साठ सेंटीमीटर चेपला आणि आतला पट्टा बांधलेला मनुष्य गाडीबरोबरच तेवढ्या अंतरात थांबला. मनुष्याचे वजन साठ किलोग्रॅम धरल्यास त्याच्या अंगावर सरासरी वीस हजार न्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन वजनाइतके, बल येते. हे बल भयंकर खरे. पण ते सेकंदाच्या काही शतांशच टिकते आणि रुंद पट्ट्यावर विभागले तर शरीर ते सोसू शकते. परंतु पुढील भाग केवळ पाच सेंटीमीटर दबला तर हेच बल बारापट, म्हणजे चोवीस टन वजनाइतके होते. ते कोणत्याही शरीरास सोसवणार नाही. अंतर वाढले की बल घटते. सारी विद्या या एका वाक्यात आहे.

ही गोष्ट आपल्या गवंड्याच्या हाताखालचा मजूर न शिकता जाणतो. खालून फेकलेली वीट वरचा माणूस झेलतो तेव्हा तो हात ताठ धरीत नाही. विटेबरोबर हात मागे नेतो. कुंभार मडकी बंडीत भरतो ती पेंढ्याच्या थरांत. पेंढा मडक्यापेक्षा बळकट नसतो. तो दबतो, हाच त्याचा उपयोग. माझ्या शेजारच्या कुंभाराला जे ठाऊक होते ते मला पदवी घेऊनही उमगले नव्हते.

मोटारींच्या कारखानदारांनाही हे उमगण्यास बराच काळ लागला. बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने मर्सिडीज-बेंझ कंपनीत काम करीत असताना सन १९५१ मध्ये एक पेटंट मागितले. मोटारीचा मधला भाग, जेथे माणसे बसतात, तो ताठ ठेवावा आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम चेपण्याजोगा करावा, अशी त्याची कल्पना होती. सन १९५९ मध्ये या कल्पनेवर बांधलेली मोटार विक्रीस आली. त्याच वर्षी व्हॉल्व्हो कंपनीच्या निल्स बोहलिन याने तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा सिद्ध केला. आज आपण जो पट्टा बांधतो तो हाच. चेपणारा भाग आणि पट्टा या दोघांची जोडी आहे. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग अर्धा. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी आतला मनुष्य थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि मग समोर जे कठीण सापडेल त्यावर थांबतो. मागे बसणाऱ्यांस पट्ट्याची गरज नाही, हा समजही तितकाच खोटा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा जो अंत झाला, त्या वेळी ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता.

आता माझ्या सल्ल्याच्या गार्डाकडे वळू. मोटारीच्या पुढील भागात दोन लांब पोकळ तुळया असतात. आघात झाला असता त्यांनी एकापुढे एक घड्या घालीत चेपावे, अशा बेताने त्यांची घडण केलेली असते. बाहेरून लावलेला जड गार्ड बहुधा या तुळयांनाच थेट जखडतात; त्यामुळे आघात नेमलेल्या वाटेने न जाता भलत्याच वाटेने आत शिरतो. शिवाय पादचाऱ्यास असा गार्ड लागला तर तो फारच घातक होतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बसविणाऱ्यांवर कारवाई करावी म्हणून राज्यांस कळविले, त्याचे कारण हेच. आमच्या अपघातानंतर ते अकरा महिन्यांनी आले. माझ्या भावाची सारी दुखापत केवळ गार्डामुळे झाली असे मी म्हणणार नाही. वेग होता, झाड होते, अंधार पडत होता. परंतु जी वस्तू त्याला वाचविण्यासाठी मी लावावयास सांगितली तिने त्याला वाचविले नाही, एवढे निश्चित.

असो. येथपर्यंतचा भाग दुःखाचा झाला. आता कुतूहलाचा भाग सांगतो.

आघात गिळण्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू कोणती, याचा शोध घेत असता अभियंते मधमाशीच्या दारी येऊन पोहोचले. मोहोळातील षट्कोनी घरे तुम्ही पाहिली आहेत. कमीत कमी मेण वापरून जागेचे सारखे भाग पाडावयाचे तर षट्कोनाहून चांगली आकृती नाही, असा तर्क प्राचीन काळापासून होता. त्याची पूर्ण गणिती सिद्धता मात्र टॉमस हेल्स या गणितज्ञाने सन १९९९ मध्ये दिली. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असेच पोळे करतात. घरांच्या तोंडावर दाब आला म्हणजे त्याच्या भिंती प्रथम थोड्या ताठ राहतात, मग एका ठराविक बलाला घड्या पडू लागतात, आणि पोळे पूर्ण चेपेपर्यंत ते बल जवळजवळ तेवढेच राहते. प्रतिकार एकसारखा, ना एकदम जास्त, ना एकदम कमी. आघात गिळण्यासाठी हाच गुण हवा असतो.

आपल्या महाराष्ट्रात या पोळ्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. सन १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. चाकण येथील तिच्या प्रयोगशाळेत मोटारी मुद्दाम अडथळ्यावर आदळवून पाहतात. आत माणसांच्या जागी मापनयंत्रे बसविलेले पुतळे असतात. समोरच्या धडकेच्या परीक्षेत ज्या अडथळ्यावर मोटार आदळते, त्याचा दर्शनी भाग ॲल्युमिनियमच्या पोळ्याचा असतो: एक मीटर रुंद, पासष्ट सेंटीमीटर उंच, पंचेचाळीस सेंटीमीटर जाड, आणि त्यापुढे नऊ सेंटीमीटर जाडीचा अधिक कठीण असा पोळ्याचाच पट्टा. मोठ्या ठोकळ्याचे पोळे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे साडेतीन किलोग्रॅम वजनाच्या दाबाला चेपू लागते, पुढील पट्ट्याचे त्याच्या पाचपट दाबाला. समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीचे नाक जसे चेपते, त्याची ही नक्कल आहे. २२ ऑगस्ट २०२३ रोजी 'भारत एनकॅप' ही आपल्या देशाची स्वतःची परीक्षापद्धती जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तिच्यात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने, आपल्या रुंदीच्या शेकडा ४० भागाने, अशा अडथळ्यावर आदळवतात आणि निकालाप्रमाणे तारे देतात. त्यापूर्वी सन २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पुण्याजवळ रांजणगावास तयार होणारी मोटार 'ग्लोबल एनकॅप' या परदेशी परीक्षेत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय मोटार ठरली होती.

मोहोळाचा षट्कोन झाला. आता त्याहून विलक्षण अशा एका आकृतीकडे येतो.

रबराचा तुकडा ओढला असता तो लांब होतो आणि त्याच वेळी बारीक होतो. दाबला तर आखूड होऊन बाजूंस फुगतो. लांबी आणि रुंदी यांच्या या बदलांच्या प्रमाणास सिमेओं देनी प्वासाँ (१७८१–१८४०) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून प्वासाँ गुणोत्तर म्हणतात. रबराचे ते जवळजवळ अर्धे, पोलादाचे सुमारे ०.३. बाटलीच्या बुचाच्या लाकडाचे जवळजवळ शून्य. म्हणूनच ते दाबले असता फुगत नाही आणि बाटलीच्या तोंडात सरळ जाते. मग हे गुणोत्तर शून्याच्याही खाली जाईल काय? म्हणजे एखादी वस्तू ओढली असता रुंद होईल आणि दाबली असता बाजूंनी आत येईल काय? ऐकताना हे उलटेच वाटते. परंतु सन १९८७ मध्ये अमेरिकेतील रॉडरिक लेक्स या शास्त्रज्ञाने साधा फोम तिन्ही दिशांनी दाबून, तापवून व निववून असा पदार्थ तयार केल्याचे प्रसिद्ध केले. सन १९९१ मध्ये केन इव्हान्स या इंग्लंडमधील संशोधकाने अशा पदार्थांना 'ऑग्झेटिक' हे नाव दिले. वाढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते घेतले आहे. त्याच वर्षी गाईच्या आचळाच्या कातड्यातही हा गुण आढळल्याचे संशोधकांनी नोंदविले. ज्या वस्तूला आपल्या घरी दोन वेळा हात लागतो तिच्यात असे काही असेल, हे कोणाच्या ध्यानी आले असते?

या गुणाचे गमक आकृतीत आहे, आणि ती तुम्ही घरी करून पाहू शकता. जाड कागदाची सतरा सेंटीमीटर लांबीची पट्टी घ्या. चार, दोन, दोन, चार, दोन, दोन अशा सेंटीमीटरांवर घड्या पाडा. उरलेल्या एका सेंटीमीटरला डिंक लावून तोंडे जोडा. चार सेंटीमीटरच्या बाजू वर व खाली येतील असे घर उभे धरा. बाजूंचे कोपरे बाहेर काढलेत तर मोहोळाचा षट्कोन होईल. तेच कोपरे आत ढकललेत तर डमरू होईल. षट्कोन वरून दाबा: तो बाजूंस पसरेल. डमरू वरून दाबा: त्याची कंबर आणखी आत जाईल. अशी पुष्कळ डमरू शेजारी शेजारी चिकटवून जाळे केले की प्रत्येक डमरू आपल्या शेजाऱ्याला आत ओढते आणि सारे जाळे आकसते.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही अशी दोन जाळी केली आणि तराजूचे एक किलोचे माप दोहोंच्या मध्यावर हळूच टेकविले. षट्कोनी जाळ्यात मापाखालची घरे दबली आणि शेजारची बाजूला सरली. जणू आघातापासून दूर पळाली. डमरूच्या जाळ्यात शेजारची घरे मापाच्या दिशेने आत आली आणि मापाखालचा भाग दाट झाला. ज्या जागी मार बसला, त्याच जागी अधिक द्रव्य गोळा झाले. मोटारीच्या संरक्षणासाठी संशोधकांचे लक्ष या आकृतीकडे वळले ते याचमुळे. टोकदार वस्तू खुपसली असता असा पदार्थ अधिक अडवितो आणि योग्य घडण साधली तर चेपताना पुष्कळ ऊर्जा गिळतो. बंपरच्या मागे, पुढील तुळयांच्या पोकळीत, दारांच्या आत अशी डमरू-पोळी भरून पाहण्याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत चालू आहेत.

वर्गातील एका मुलीने लगेच विचारले, "सर, मग सगळ्या गाड्यांना हेच का लावत नाहीत?"

प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. डमरूचे जाळे षट्कोनी जाळ्याच्या मानाने करण्यास कठीण. त्याचे आत वळलेले कोपरे अचूक साधावे लागतात. थर थर घालून वस्तू छापणारी जी नवी यंत्रे निघाली आहेत त्यांवर ते साधते, पण एकेक वस्तू करण्यास वेळ व पैसा फार लागतो आणि कारखान्यातून तर लाखो मोटारी बाहेर पडावयाच्या असतात. दुसरे असे की, या जाळ्यात पोकळी पुष्कळ असल्यामुळे त्याचा सुरुवातीचा ताठपणा कमी पडू शकतो. भिंतींची जाडी, कोन आणि आघाताचा वेग बदलला की निकालही बदलतो. एका परीक्षेत उत्तम ठरलेली घडण दुसऱ्या परीक्षेत मागे पडते. म्हणून ही विद्या आजवर मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. नव्या शोधाचे नाव ऐकताच जुने टाकून द्यावे असे नव्हे. घड्या घालीत चेपणारी साधी पोलादी तुळई आजही असंख्य प्राण वाचवीत आहे.

मुलीचे समाधान झाले की नाही, न कळे. तिने वहीत डमरू काढले आणि त्याखाली 'पुढे पाहणे' असे लिहिले. पुढे तीच यात काही भर घालील, अशी माझी आशा आहे.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला, ते सांगून आवरते घेतो.

अपघाताच्या सायंकाळी काय घडले ते मला पुष्कळ उशिरा, तुकड्यातुकड्यांनी कळले. गाडी झाडावर आदळल्याचा आवाज झाला तेव्हा आजूबाजूच्या शेतांत माणसे होती. कोणी तुरीला राखण होते, कोणी कपाशी वेचून गाठोडी बांधीत होते. आवाजापासून दूर न जाता ती सारी माणसे आवाजाकडे धावली. एकाने सब्बल आणून दार उघडले. बायांनी आपली लुगडी आडवी धरून वारा अडविला. एका वृद्ध गृहस्थाने भावाचे डोके मांडीवर घेतले आणि वाहन येईपर्यंत 'झोपू नको बाप्पा, बोलत राह्य' असे म्हणत तो त्याला जागे ठेवीत राहिला. आम्ही पुढे त्याचा पुष्कळ शोध केला. तो सापडला नाही. वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती आमच्या शिवारात घडली, तेव्हा मी तेथे नव्हतो. अशा मदत करणाऱ्यास पुढे चौकशीचा वा दाव्याचा त्रास होऊ नये म्हणून सन २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले आहे. तेव्हा जखमीस उचलावे की नाही, या भीतीने तुम्ही कधीही मागे राहू नका.

वर्गात डमरूचे जाळे मापाखाली आकसताना मी पाहिले आणि मला ती सायंकाळ आठवली. मी पुढील शब्द विसरलो. मुलांना वाटले, सर हिशेब करीत आहेत.

त्या गार्डाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. भावाने तो काढून टाकला. आमच्या कामरगावच्या घरी अंगणात तो भिंतीला टेकवून ठेवलेला आहे आणि पावसाळ्यात आई त्यावर दोडक्याचा वेल चढविते. एकदा मी भावाजवळ न राहवून बोललो, "माझ्या सल्ल्याने हे झाले." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, सल्ला तू दिला, पण नट मीच आवळले होते. आता पोरांना तरी नीट सांग."

म्हणून सांगतो. सन २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा सर्वांत मोठा, शेकडा चव्वेचाळीसच्या वर होता. आपल्या कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी एवढा त्याचा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई बाजूचा सारा ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहता झाला आहे. तेथे मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे सूत्र परीक्षेपुरते पाठ करू नका. घरी दुचाकी असेल तर शिरस्त्राण वडिलांच्या हाती द्या. त्याच्या कठीण कवचाखाली थर्माकोलचा जाड थर असतो, तो चेपण्यासाठीच आहे. एकदा जोराचा मार खाल्लेले शिरस्त्राण वरून कितीही चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नका, कारण त्याचे देणे एकदाच देऊन झालेले असते. मोटारीत बसाल तेव्हा पुढे असा वा मागे, पट्टा बांधा. आणि कोणी गाडीस लोखंडी गार्ड लावू म्हणाला, तर आपल्या या शिक्षकाची व त्याच्या भावाची गोष्ट त्यास सांगा.

सुट्टीत गावी गेलो म्हणजे आम्ही दोघे भाऊ सायंकाळी त्या रस्त्याने फिरावयास जातो. तो कडुनिंब अजून उभा आहे. खोडावरील जखम सालीने बरीचशी भरून आणली आहे. भाऊ हळू चालतो आणि मी माझी पावले त्याच्या पावलांशी जुळवून घेतो.